उसाचा भाव : दिल्लीचा की मुंबईचा?



ऊस नोंदीला आलेले सभासद नेहमी विचारतात, "साहेब, भाव ठरवते कोण? दिल्ली की मुंबई?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर राज्यघटनेत पाहावे लागते.

दोन शेतांच्या मध्ये धुरा असतो. घटनेच्या सातव्या अनुसूचीने केंद्र आणि राज्य यांच्यामध्ये असाच धुरा घातला आहे. संरक्षण, रेल्वे, चलन केंद्राकडे. शेती, पाणी, सहकारी संस्था राज्याकडे. तिसरी समवर्ती सूची म्हणजे सामाईक विहीर. तिच्यातल्या विषयांवर दोघेही कायदा करू शकतात. मात्र दोघांत विरोध आला तर सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा टिकतो. उसाची किंमत याच विहिरीतली.

केंद्राच्या ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपली एफ.आर.पी., ठरते. 2025-26 च्या हंगामासाठी ती 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरली. उतारा 9.5 टक्के किंवा त्याहून कमी असला तरी 329.05 रुपये द्यावेच लागतात. पैसे 14 दिवसांत द्यायचे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. थकबाकी मात्र जमीन महसुलासारखी वसूल करतो राज्याचा जिल्हाधिकारी. कायदा दिल्लीचा, हात राज्याचा!

राज्याला मग काहीच अधिकार नाही काय? आहे. उत्तर प्रदेश सरकार केंद्रापेक्षा जास्त भाव जाहीर करते. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. केंद्राचा दर किमान आहे; राज्याने त्यावर चढवले तर विरोध होत नाही. उलट, महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2022 मध्ये एफ.आर.पी. दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला, तो मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला. साखर विकली जाते वर्षभर आणि ऊसबिल द्यायचे 14 दिवसांत, म्हणून कारखान्यांना हप्ते सोयीचे होते, हे खरे बोलले पाहिजे. पण राज्याने केंद्राच्या आदेशाखाली जाता येत नाही.

आता पारड्याची दुसरी बाजू पाहा. 2011 च्या 97 व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांच्या संचालकांची संख्या, मुदत वगैरे नियम केंद्राने घटनेतच घातले. विषय राज्यसूचीतला असल्याने निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेणे आवश्यक होते. ती घेतली नाही. म्हणून 20 जुलै 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या संस्थांपुरता तो राहिला. येथे केंद्राने धुरा ओलांडला होता.

तात्पर्य, मोठा कोण हा प्रश्नच नाही. दोघांनाही आपापली हद्द आहे आणि ती हद्द पाळली जाते तेव्हाच आपल्या घामाचे दाम सुरक्षित राहते. म्हणून सभासदांनी दार ओळखून अर्ज करावा. एफ.आर.पी. वाढवून हवी तर खासदारांमार्फत दिल्लीला सांगा. बिल थकले तर साखर आयुक्त, पुणे यांच्याकडे जा. कालव्याचे पाणी, पोटनियम, निवडणूक हे राज्याचे काम. चुकीच्या दारी कितीही हेलपाटे घातले तरी बंडी रिकामीच परत येते.

— ऊस विकास अधिकारी