तापलेला पंप आणि उतावळा निष्कर्ष

यंत्र बंद पडले म्हणजे दोष कोणाचा हे आपण आधी ठरवितो आणि कारण मागाहून शोधतो. ही सवय किती महाग पडते, हे आम्ही येथे स्वतःच्या अनुभवावरून सांगणार आहोत. त्या निमित्ताने विद्यार्थ्यांची उष्णतेच्या प्रकरणाची उजळणीही होईल.

आमच्याजवळ एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. फियाट ११०० या इटालियन गाडीच्या नमुन्यावर ही गाडी पूर्वी कुर्ला येथे बांधली जात असे. एका मे महिन्यात भर दुपारी आम्ही सहकुटुंब वाईहून पसरणीच्या घाटाने पांचगणीस निघालो. पुढे मालाने लादलेला ट्रक रांगत होता. निम्म्या चढावर आमच्या इंजिनाने आचके दिले व ते बंद पडले. पाऊण तास उन्हात काढल्यावर मात्र, कोणीही हात न लावता, ते पहिल्या प्रयत्नातच सुरू झाले.

पंप बिघडला, असा निकाल आम्ही तत्काळ दिला. ओळखीच्या मिस्त्रींकडून नवा पंप आणून स्वहस्ते बसविला. पंधरा दिवसांनी त्याच घाटात तोच प्रकार घडला. तेव्हा मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलांदेखत, त्यांनी आम्हांस खोटा माल दिला, असे आम्ही बोलून गेलो.

आता पंपाचे कार्य पाहू. पेट्रोलची टाकी गाडीच्या मागील भागात आणि पंप पुढे इंजिनाच्या अंगावर असतो. कॅमशाफ्टच्या फेऱ्याबरोबर एक दांडी पंपातील लवचीक पडदा ओढते. त्यामुळे आतील दाब कमी होऊन टाकीतील पेट्रोल नळीवाटे वर येते. मग स्प्रिंग पडद्यास परत लोटते व पेट्रोल कार्बुरेटरकडे जाते. दोन लहान झडपा त्यास मागे फिरू देत नाहीत.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंश सेंटिग्रेडपासूनच उकळू लागतात, तर जड घटकांना सुमारे २०० अंशांपर्यंत उष्णता लागते. शिवाय दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. महाबळेश्वरास पाणी १०० ऐवजी सुमारे ९५ अंशांवर उकळते, ते याच कारणाने. पंपाच्या ओढीने नळीतील दाब आधीच उतरलेला असतो. त्यात पंप तापला म्हणजे पेट्रोलची वाफ होते. वाफ दाबली असता आकसते व सोडली असता फुगते. पडदा हालत राहतो, परंतु पेट्रोल पुढे सरकत नाही. यास कारागीर ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. आपण बाष्परोध म्हणू. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो व साठलेली उष्णता पंपात शिरते. म्हणून घाटात विसाव्यासाठी थांबविलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. त्याचे थोडे मिश्रणही बाष्पदाब वाढविते व जुन्या रबरी पडद्यास अपाय करिते.

तथापि गरम झाल्यावर गाडी थांबली म्हणजे बाष्परोधच, असे मानू नये. क्रमाने प्रश्न विचारावेत. थंड असतानाही पेट्रोल येत नाही काय? मग पडदा फाटला असेल. ठिणगी पडते काय? इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सरही तापल्यावर दगा देतो व निवल्यावर सुधारतो. लक्षण हुबेहूब तेच. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढली जाते काय? मग झाकणाचे छिद्र बुजले आहे. गाळणी तुंबली आहे काय? तुंबलेल्या गाळणीमुळे पंपास अधिक जोराने ओढावे लागते, दाब आणखी उतरतो व वाफ लवकर होते. शेवटी, उष्णता येते कोठून? पंख्याचा पट्टा सैल, रेडिएटर घाणीने भरलेला किंवा पेट्रोलची नळी धुराच्या नळीस टेकलेली, हे सर्व पाहावे. पेट्रोलशी संबंधित तपासणी इंजिन निवल्यावर, ज्योत व ठिणगी दूर ठेवून, जाणत्या माणसासमक्षच करावी.

मिस्त्रींनी आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग पंप उतरवून एक चकती आमच्या हाती दिली व विचारले, “मास्तर, ही कोणी बसविली?”

ती आमचीच होती. पंप व इंजिन यांच्या मध्ये बेकेलाइटचा एक जाड तुकडा असतो. साफसफाई करताना तो आमच्या हातून तडकला होता. आम्ही त्याच जाडीची ॲल्युमिनियमची चकती घासून बसविली होती व आपल्या कारागिरीवर खूषही होतो. माप अचूक होते, कारण जाडी बदलली तर दांडीची चाल बदलते. परंतु बेकेलाइट हे उष्णतेचे मंद वाहक आणि ॲल्युमिनियम उत्तम वाहक. वर्षानुवर्षे वर्गात उष्णतावहन शिकविणाऱ्या आम्ही इंजिनाची उष्णता पंपापर्यंत नेण्यास स्वतःच्या हातांनी पूल बांधला होता!

बेकेलाइटचा नवा तुकडा फार थोड्या पैशांत मिळाला. घाटातील तात्पुरता उपाय मिस्त्रींनीच सांगितला: पंपावर ओले फडके गुंडाळावे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ५०० हून अधिक कॅलरी उष्णता शोषली जाते. माठातील पाणी गार राहते, तेही याच नियमाने. पुढील मे महिन्यात आम्ही तोच घाट भर दुपारी चढलो. फडके डब्यातच राहिले.

पंपाची किंमत आम्ही विसरलो. मिस्त्रींस बोललेले शब्द विसरता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या त्याच मुलांसमोर आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यांनी हसून चहा मागविला. पालकांनो, मुलांच्या हाती हत्यारे जरूर द्या. आणि विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्याच्या मालास खोटा म्हणण्यापूर्वी आपण स्वतः काय बदलले, हा प्रश्न आधी विचारा.