खांबापासून घरापर्यंत : केरळच्या ‘के-फॉन’ योजनेचा अभ्यास

वीज, रस्ते आणि पिण्याचे पाणी या गोष्टी शासनाने पुरवाव्यात, याबद्दल आपल्याकडे आता कोणी वाद घालीत नाही. त्या वेळेवर मिळतात की नाही आणि सर्वांना मिळतात की नाही, एवढाच काय तो वाद असतो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र मूळ प्रश्नच अजून पुरता सुटलेला नाही. ज्याला परवडते त्याने पैसे मोजून घ्यावी अशी ही एक सोय आहे, की प्रत्येक नागरिकाच्या दारापर्यंत पोहोचलीच पाहिजे अशी ही गरज आहे?

आपल्या देशात केरळ राज्याने या प्रश्नाला अधिकृत उत्तर दिले. मार्च २०१७ मध्ये अर्थसंकल्प मांडताना तेथील तत्कालीन अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनी इंटरनेट हा नागरिकांचा हक्क मानला जाईल, असे जाहीर केले आणि २० लाख गरीब कुटुंबांना तो मोफत देण्याचा संकल्प सोडला. या संकल्पातून ‘केरळ फायबर ऑप्टिक नेटवर्क’, म्हणजेच ‘के-फॉन’ ही योजना उभी राहिली. शासनाने एखादी गोष्ट हक्क म्हणून जाहीर केल्यावर तो हक्क प्रत्यक्षात उतरण्यासाठी काय काय लागते, हे समजून घेण्यास या योजनेचा अभ्यास उपयोगी पडेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

हक्काचे दोन अर्थ

योजना कागदावरून जमिनीवर येत असतानाच केरळमध्ये एक खटला उभा राहिला. तो आपणां विद्यार्थ्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात, संध्याकाळी सहा ते रात्री दहा या अभ्यासाच्या वेळात मोबाइल फोन जमा करावेत, असा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानण्यास नकार दिला. तिला वसतिगृहातून काढण्यात आले आणि प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले. अभ्यासाचे साहित्य इंटरनेटवर आहे, सबब त्याच वेळात फोन काढून घेणे म्हणजे शिक्षणात अडथळा आणणे होय, हा तिच्या म्हणण्याचा आशय होता. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. पुढे १० जानेवारी २०२० रोजी, जम्मू-काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात, इंटरनेटच्या माध्यमातून होणारे भाषण आणि व्यवसाय यांना घटनेच्या एकोणिसाव्या कलमाचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

हे दोन्ही निकाल महत्त्वाचे आहेत. तथापि त्यांचा आवाका नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्याच्याजवळ साधन आहे त्याला ते वापरण्यापासून विनाकारण अडवू नये, हा त्यांचा मुख्य रोख आहे. ज्याच्याजवळ साधनच नाही, त्याला ते कोणी व कोणत्या पैशातून द्यावे, याचे उत्तर या निकालांत शोधून मिळणार नाही. ‘अडवू नका’ असे सांगणारा हक्क आणि ‘पुरवा’ असे सांगणारा हक्क, हे हक्काचे दोन निरनिराळे अर्थ आहेत. पहिला न्यायालयाच्या आदेशाने मिळू शकतो. दुसऱ्यासाठी तिजोरी, तार, खांब आणि माणसे लागतात.

हा फरक पुस्तकी नाही, हे १ जून २०२० रोजी दिसून आले. कोविडच्या साथीमुळे शाळा बंद होत्या. केरळ शासनाने त्या दिवशी ‘फर्स्ट बेल’ या नावाने वर्ग सुरू केले, ते मुख्यतः ‘व्हिक्टर्स’ या शैक्षणिक दूरचित्रवाहिनीवरून. हक्काची घोषणा होऊन तीन वर्षे झाली होती, न्यायालयाचा निकालही लागला होता. परंतु सर्व मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते आणि काही घरांत तर दूरचित्रवाणी संचही नव्हता. देशाची स्थिती याहून बिकट होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार इंटरनेटची सोय असलेल्या कुटुंबांचे प्रमाण शहरांत शेकडा ४२, तर खेड्यांत शेकडा १५ च्या आसपास होते.

बाजार कोठे थांबतो

हे काम खासगी कंपन्यांवर का सोपवू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एक किलोमीटर तार टाकण्याचा खर्च वाटेत दहा घरे असोत की दोनशे, जवळजवळ तेवढाच येतो. दोनशे घरांच्या वस्तीत तो भरून निघतो, दहा घरांच्या वाडीत निघत नाही. म्हणून कंपनी शहरात एकाच रस्त्यावर दुसऱ्या कंपनीशी स्पर्धा करते आणि डोंगरातील पाड्यावर कोणीच जात नाही. यात कोणाचा दुष्टपणा नाही. नफ्याचा हिशेबच तसा आहे.

ही उणीव केंद्र शासनानेही ओळखली होती. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा घेऊन ग्रामीण सेवेसाठी वापरावयाचा निधी २००२ मध्ये स्थापन झाला. त्या निधीच्या बळावर सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याचा कार्यक्रम ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाला. त्यालाच पुढे ‘भारतनेट’ असे नाव मिळाले. परंतु त्याचे मूळ लक्ष्य ग्रामपंचायतीचे कार्यालय हे होते. कार्यालयात पोहोचलेली तार गावातील घरांत कशी जाणार, हा प्रश्न तेथेच राहिला. केरळने तो हाती घेतला, हे त्या राज्याच्या योजनेचे वेगळेपण होय.

‘मोबाइलवर इंटरनेट स्वस्त झाल्यावर तारेची गरज काय?’ असाही एक आक्षेप आहे. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले, हे खरे. पण तीन मुले शिकत असलेल्या घरात एकच फोन असेल आणि तोही दिवसभर वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर स्वस्त दराचा त्या मुलांना काय उपयोग? शिवाय मोबाइलच्या मनोऱ्यालाही बाहेरच्या जगाशी भरवशाचा संबंध ठेवण्यासाठी बहुधा फायबरच लागते. तार आणि मनोरा हे एकमेकांचे शत्रू नसून एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत.

योजनेची रचना

ऑप्टिकल फायबर म्हणजे काचेचा केसासारखा बारीक तंतू. त्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. आतील काचेपेक्षा बाहेरच्या थराचा अपवर्तनांक किंचित कमी ठेवलेला असतो. त्यामुळे प्रकाश बाहेर न निसटता आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. अशा तंतूने संदेश दूरवर नेता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले आणि त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तंतू तसा महाग नसतो. खरा खर्च येतो तो रस्ता खणण्याचा, परवानग्या मिळविण्याचा आणि माणसांच्या श्रमाचा.

केरळने येथेच शहाणपणा दाखविला. के-फॉन ही कंपनी राज्याचे वीज मंडळ आणि माहिती तंत्रज्ञानाच्या सोयी उभारणारे शासकीय महामंडळ यांच्या भागीदारीतून निर्माण झाली. वीज मंडळाजवळ उच्च दाबाच्या वाहिन्यांचे मनोरे, गावोगावचे खांब आणि उपकेंद्रांच्या इमारती आधीपासून होत्या. त्यामुळे फायबर बहुतांशी त्याच मनोऱ्यांवरून आणि खांबांवरून नेता आले. सुमारे ३०,००० किलोमीटर तार, ३७५ जोडकेंद्रे आणि ३०,००० शासकीय कार्यालये व संस्था अशी योजनेची आखणी होती. ज्या खांबाने पूर्वी गावात दिवा आणला, त्याच खांबावरून इंटरनेट आणावयाचे, अशी ही कल्पना.

योजनेचा खर्च सुमारे १,५०० कोटी रुपये धरण्यात आला. त्याचा मोठा भाग राज्याच्या पायाभूत सुविधा गुंतवणूक मंडळाकडून कर्जरूपाने आला. कर्ज म्हटले की परतफेड आली. म्हणून गरिबांना मोफत जोडणी, कार्यालयांना सेवा, इतर नागरिकांना पैसे घेऊन जोडणी आणि उरलेले तंतू अन्य कंपन्यांना भाड्याने, अशी चौपदरी मांडणी करण्यात आली. प्रारंभी जाहीर झालेल्या दरांत सर्वांत स्वस्त योजना महिना २९९ रुपयांची, सेकंदाला २० मेगाबिट वेगाची होती. पैसे देणारे ग्राहक पुरेसे मिळाले, तरच मोफत जोडण्यांचा भार कंपनीला पेलेल. हा या योजनेतील नाजूक सांधा आहे. कल्याणाचे काम करणाऱ्या संस्थेला व्यापाराच्या पायावर उभे राहण्यास सांगितले, की तिचे लक्ष हळूहळू पैसे देणाऱ्याकडे वळू लागते, हे आपण एस. टी.च्या तोट्यात चालणाऱ्या ग्रामीण फेऱ्यांच्या बाबतीतही पाहत आलो आहोत.

शेवटचे काही मीटर

५ जून २०२३ रोजी मुख्यमंत्री पिनराई विजयन यांच्या हस्ते के-फॉनचे उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्यात १४० विधानसभा मतदारसंघांतून प्रत्येकी १०० याप्रमाणे १४,००० गरीब कुटुंबांना जोडण्या द्यावयाचे ठरले होते. आता हा आकडा मूळ संकल्पाशेजारी ठेवून पाहा. २० लाखांपैकी १४,००० म्हणजे शंभरांत एकही नाही; हजारांत सात. घोषणेनंतर सहा वर्षांनी, तार हजारो किलोमीटर फिरून आल्यावर, गरिबाच्या घराचा पहिला हप्ता एवढा होता.

यावरून योजना फसली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मध्यंतरी साथीची दोन वर्षे गेली आणि मुख्य तारेशिवाय घरगुती जोडणी शक्यच नसते. परंतु एक गोष्ट यातून स्पष्ट होते. मनोरे आणि उपकेंद्रे शासनाच्या मालकीची असतात, तेथपर्यंतचे काम आदेशाने होते. खांबापासून घरापर्यंतचे काही मीटर मात्र शासनाच्या हाती नसतात. तेथे स्थानिक केबलवाल्याची मदत लागते, घरात बसवावयाचे यंत्र लागते, लाभार्थ्यांची निर्दोष यादी लागते, आणि पावसात झाडाची फांदी पडून तार तुटली तर दुसऱ्या दिवशी येणारा माणूस लागतो. ‘अमुक किलोमीटर तार टाकली’ हे वाक्य अहवालात शोभून दिसते. ‘तुटलेली तार अमुक तासांत जोडली’ हे वाक्य तितके शोभत नाही. नागरिकाला मात्र दुसऱ्याचीच गरज असते.

वारणेचा धडा

या संदर्भात महाराष्ट्रातील एका जुन्या प्रयोगाची आठवण ठेवणे योग्य होईल. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत, वारणा सहकारी समूहाच्या क्षेत्रात, केंद्र व राज्य शासनांच्या मदतीने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. शेतीविषयक माहितीपासून शासकीय सेवांपर्यंत बऱ्याच अपेक्षा त्यांच्याकडून होत्या. प्रत्यक्षात शेतकरी तेथे मुख्यतः उसाचे वजन, बिल, खतांचा हिशेब अशा कारखान्याच्या कामांसाठी जात. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइल फोनवरील लघुसंदेशाने तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि तो कमी खर्चात चालला.

वारणेच्या शेतकऱ्याने यंत्राला नाकारले नाही. त्याच्या उपयोगाचे जे होते ते त्याने उचलले, बाकीचे तसेच ठेवले. सोय पोहोचविणे आणि ती उपयोगी पडणे यांत अंतर असते, ते भरण्यास मातृभाषेतील मजकूर आणि शिकविणारी माणसे लागतात. केरळने २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षय’ हा कार्यक्रम सुरू केला होता. प्रत्येक घरातील निदान एका व्यक्तीस संगणकाची ओळख करून द्यावी, हे त्याचे उद्दिष्ट होते. के-फॉनच्या आधी पंधरा वर्षे झालेली ही मशागत विसरून चालणार नाही.

आपल्यासाठी विचार

केरळचा कित्ता महाराष्ट्राने जसाच्या तसा गिरवावा काय? ‘भारतनेट’च्या दुसऱ्या टप्प्याचे काम ज्या राज्यांनी स्वतःकडे घेतले, त्यांत महाराष्ट्रही होता, ‘महानेट’ हे त्याचे नाव. परंतु दोन राज्यांच्या भूगोलात मोठा फरक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार केरळमध्ये दर चौरस किलोमीटरला ८५९ माणसे राहत होती, महाराष्ट्रात ३६५, आणि गडचिरोली जिल्ह्यात अवघी ७४. केरळमध्ये एक गाव कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते हे प्रवाशाला कळत नाही. खांबाजवळ घर असतेच. गडचिरोलीत दोन वस्त्यांमध्ये जंगल असते. तेथे दर घरामागे येणारा खर्च केरळच्या कित्येक पट असणार. म्हणून तेथे शाळा, आरोग्य केंद्र व ग्रंथालय अशी सार्वजनिक ठिकाणे आधी खात्रीने जोडणे आणि घरांसाठी निराळे साधन निवडणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

सारांश, केरळने हक्क हा शब्द उच्चारून एक मोठे पाऊल टाकले. तो शब्द नसता तर २० लाख आणि १४,००० यांची तुलना करण्याचा अधिकारही कोणाला मिळाला नसता. ‘योजना हळूहळू पुढे जात आहे’ एवढ्यावर सर्वांचे समाधान झाले असते. हक्काच्या घोषणेचा पहिला लाभ हाच की, तिने नागरिकाच्या हाती मोजपट्टी दिली. ती मोजपट्टी किलोमीटरची नसावी. किती घरांत जोडणी आहे, ती महिन्यातून किती दिवस चालू असते आणि त्या घरातील मुलगी तिच्यावर अभ्यास करते काय, हे तीन प्रश्न विचारावेत. आपल्यापैकी पुष्कळजण ज्या गावांतून या महाविद्यालयात आले आहेत, तेथे सुटीत गेल्यावर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात हेच तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहून आणली, तर अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या वर्गाला त्याहून चांगले अभ्याससाहित्य मिळणार नाही.