नोंद टिकली, पण कोठे?

संगणकातील माहिती वीज गेल्यावरही टिकावी म्हणून ती डेटाबेसच्या फाईलीत साठवितात. ती खरोखर टिकते की नाही हे पाहावयाचे, तर नोंद लिहावी, आज्ञावली बंद करावी, पुन्हा चालवून नोंद वाचावी. रीत सोपी, घोटाळा होतो तो पत्त्यात.

हिंडलग्यात ‘देवळावरून डावीकडे’ एवढा पत्ता पुरतो. निपाणीत उभे राहून तोच शोधणारा भलत्याच दारी जाईल. फाईलीचा सापेक्ष मार्गही, आज्ञावली ज्या फोल्डरातून चालविली, तेथूनच मोजला जातो. रिचर्ड हिप यांनी २००० साली निर्मिलेल्या एसक्यूलाइटला त्या जागी फाईल आढळली नाही, तर सामान्यतः ती मुकाट्याने नवी, रिकामी फाईल निर्माण करते! वर्गाची हजेरी नाहीशी झाली म्हणून आपण हळहळतो आणि ती जुन्या फोल्डरात सुखरूप असते.

जावा भाषेतील आज्ञावली पुष्कळदा ‘जार’ नावाच्या गाठोड्यात बांधतात. ते झिप जातीची एकच फाईल होय. आतील मजकूर वाचता येतो, परंतु साध्या फाईलीच्या मार्गाने तो सापडत नाही. म्हणूनच फोल्डरात यशस्वी झालेली चाचणी गाठोडे बांधताच फसते. नोंदी लिहावयाचा डेटाबेस गाठोड्याबाहेर ठेवावा, आणि चाचणीच्या आरंभीच त्याचा पूर्ण मार्ग पडद्यावर छापून घ्यावा.