सीए १९-९ वाढले म्हणजे कर्करोगच का?

प्रश्न : वडिलांना सहा वर्षांपासून स्वादुपिंडाचा जुनाट दाह आहे. रक्ततपासणीत सीए १९-९ चे प्रमाण ६४ आले. हा कर्करोगच समजायचा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सीए १९-९ ही म्युसिन नावाच्या चिकट प्रथिनांवर आढळणारी शर्करेची साखळी आहे. म्युसिन स्वादुपिंडाच्या नलिकांच्या अस्तराचे रक्षण करते. दाह झाला किंवा पित्तनलिका तुंबली, तरी सीए १९-९ रक्तात वाढते. त्यामुळे ३७ ही सर्वसाधारण मर्यादा ओलांडणे म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे.

दीर्घकाळच्या दाहात पेशी वारंवार मरतात आणि नव्याने तयार होतात. त्यात केआरएएस जनुकात बिघाड झाला, तर धोका वाढतो. निरोगी स्वादुपिंडात न आढळणारे एमयूसी-४ हे म्युसिन मग दिसू लागते आणि गाठीच्या वाढीला साथ देते. मात्र जुनाट दाहाच्या बहुसंख्य रुग्णांना कर्करोग होत नाही.

दाह ओसरल्यावर चाचणी पुन्हा करावी. पोटविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने सीटी स्कॅन, एमआरआय किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करता येते. तंबाखू आणि दारू पूर्ण बंद हवी. काहींच्या शरीरात सीए १९-९ तयारच होत नाही. म्हणून कावीळ, घटते वजन किंवा नव्याने जडलेला मधुमेह दिसल्यास, आकडा कमी असला तरी तपासणी लांबवू नये.