गुरुजींच्या मापाने

प्रश्न : गुरुजी जाऊन वर्ष झालं. मी बेचाळीस वर्षांची; गाण्याचे क्लास घेते, अधूनमधून मैफली. त्यांच्यापुढे माझं सगळंच तोकडं वाटतं.

उत्तर : तुम्ही गुरुजींना ऐकलंत ते पिकल्या वयात. बसलेला आवाज, न रंगलेली मैफल तुमच्यापर्यंत पोचलीच नसेल. तुलना करायचीच (सुटत नाहीच ती!) तर बेचाळिशीतल्या गुरुजींशी करा, थोरल्या गुरुबंधूंना विचारा. गायक भीमसेन जोशींचंच पाहा : १९५२ मध्ये त्यांचे गुरू सवाई गंधर्व गेले तेव्हा ते तिशीचे होते. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांनी गुरूंच्या नावे महोत्सव सुरू केला. पण भारतरत्न जाहीर व्हायला २००८ उजाडलं. दुःख ताजं असताना गुरूशी तुलनेचे हिशेब हमखास चुकतात. मात्र तंबोऱ्याला हात लावणंच नकोसं झालं असेल, झोप उडाली असेल, तर समुपदेशकाला जरूर भेटा.