दीड मिलिमीटर

मामांच्या मिरजेच्या स्टुडिओतला लाकडी फील्ड कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा भाता शाबूत होता, पितळी पट्ट्या शाबूत होत्या आणि काचेच्या प्लेटचे तीन होल्डरही होते. नव्हती ती फक्त फिल्म. हा कॅमेरा फुल प्लेटचा, म्हणजे ६.५ × ८.५ इंचांचा. या मापाची शीट फिल्म आज दुकानात मिळत नाही. इल्फर्ड वर्षातून एकदा अशा जुन्या मापांच्या ऑर्डर घेतं, तेवढाच मार्ग. ४ × ५ इंचांची फिल्म मात्र वर्षभर मिळते. तेव्हा मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीला लहान पाठ बसवायची, असं मी ठरवलं. ते काम मी कसं चुकवलं आणि त्यात काय गमावलं हे सविस्तर सांगतो, कारण असे कॅमेरे अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर पडून आहेत आणि ते पुन्हा चालू करावेत असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट बरोबर केली, ती आधी सांगतो. मूळ कॅमेऱ्याला करवत लावली नाही. ग्राउंड ग्लासची, म्हणजे ज्या खरखरीत काचेवर बघून फोकस करतात तिची, मूळ चौकट जशी अडकते तशीच अडकणारी नवी सागवानी चौकट सुतारमामांकडून करून घेतली. तिच्या मधोमध ४ × ५ चा झरोका, त्यावर स्प्रिंगच्या पट्ट्यांनी दाबून धरलेली नवी ग्राउंड ग्लास, आणि दोहोंच्या मध्ये होल्डर सरकवायची जागा. चौकट काढली की कॅमेरा पुन्हा फुल प्लेटचा. प्लायवूड मी मुद्दाम टाळलं. पावसाळ्यात ते फुगलं तर सगळं माप जातं.

पहिल्या दोन निगेटिव्हवर एका कडेला काळा पट्टा आला. ४ × ५ च्या होल्डरला डार्क स्लाइडच्या, म्हणजे फिल्मवरच्या सरकत्या झाकणाच्या, बाजूला एक उंचवटा असतो. तो पाठीवरच्या खाचेत बसला की होल्डर जागेवर घट्ट राहतो आणि उजेडही अडतो. आम्ही ती खाच पाडलीच नव्हती. सुतारमामांनी पटाशीने ती पाडली आणि पट्टा गेला. ही चूक सोपी, कारण ती लगेच दिसली.

दुसरी दिसली नाही.

अशा पाठीत एकच माप खरं महत्त्वाचं असतं. ग्राउंड ग्लासची खरखरीत बाजू, जी लेन्सकडे असते, आणि होल्डर सरकवल्यावर फिल्मचा पृष्ठभाग, या दोन्ही एकाच जागी यायला हव्यात. पाठ जाड झाली की लेन्सपासूनचं अंतर वाढेल म्हणून लोक काळजी करतात, पण ते अंतर आपण फोकस करताना भाता हलवून जुळवतोच. जुळायला हवी ती काच आणि फिल्म. ४ × ५ च्या होल्डरचं ठरलेलं माप असं की होल्डरच्या कडेपासून फिल्मच्या मागच्या तळापर्यंतची खोली ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिलिमीटर. त्यातून फिल्मची जाडी, जेमतेम ०.२ मिलिमीटर, वजा केली की ४.८ राहतात. ग्राउंड ग्लास तेवढीच आत हवी.

मी होल्डर घेतला आणि डार्क स्लाइड आत तशीच ठेवून स्टीलच्या पट्टीने खोली मोजली. ३.३ मिलिमीटर भरली आणि ग्राउंड ग्लास त्याच मापाने बसवली. म्हणजे मी डार्क स्लाइडपर्यंतचं अंतर मोजलं, फिल्मपर्यंतचं नाही. फिल्म तिच्या मागे दीड मिलिमीटरवर होती.

मग चाचणी घेतली. सिंहगडाच्या पायथ्याशी गेलो, दूरची डोंगररांग घेतली, छिद्र एफ/२२. निगेटिव्ह कोरून काढल्यासारखी आली. आणखी चार काढल्या, सगळ्या तशाच. कॅमेरा तयार झाला असं मी धरून चाललो.

एफ/२२ला लेन्समधून येणारी किरणांची शलाका इतकी अरुंद असते की फिल्म जागेवरून दीड मिलिमीटर सरकली तरी बिंदूचा डाग ०.०७ मिलिमीटरच्या आत राहतो. ४ × ५ मध्ये ०.१ पर्यंतचा डाग डोळ्याला खटकत नाही. तोच दीड मिलिमीटर एफ/५.६ला ०.२७ मिलिमीटरचा डाग देतो. म्हणजे लहान छिद्राने माझी चूक दुरुस्त केली नव्हती, झाकून ठेवली होती. आणि भर उन्हात दूरचं दृश्य काढणारा माणूस लहान छिद्रच वापरतो, त्यामुळे अशी चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

ती उघडी पडली आत्याच्या फोटोत. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्बांधणीला गेला होता आणि सामान हलवायला आठवडाच उरला होता. आत्या त्या वाड्यात पासष्ट वर्षं राहिली. तिचा फोटो माजघरातच काढायचा असं आमचं ठरलं होतं. माजघरात उजेड यायचा तो फक्त चौकाकडच्या दारातून. लेन्स २१० मिलिमीटरची, छिद्र पूर्ण उघडं, एफ/५.६, एक्स्पोजर १ सेकंद. एफ/२२ ठेवलं असतं तर १६ सेकंद लागले असते, आणि इतक्या लांब एक्स्पोजरला फिल्मची संवेदनशीलता घटते म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. शहाऐंशी वर्षांच्या बाईला इतका वेळ श्वास रोखायला लावणं मला शक्य नव्हतं. आत्या खुर्चीत, हातात काठी, कॅमेऱ्यापासून २ मीटरवर. भिंग लावून तिच्या पापण्यांवर फोकस केला आणि चार शीट काढल्या.

चारही शीटवर काठीची मूठ धरलेली बोटं लख्ख होती, सुरकुती न् सुरकुती. डोळे धुरकट.

भोसरीच्या एका टूलरूममध्ये काम करणाऱ्या मित्राने डेप्थ गेज लावून पाठ मोजली तेव्हा कारण कळलं. २ मीटरवर या लेन्सने दीड मिलिमीटरची चूक म्हणजे फोकस सुमारे १० सेंटिमीटर पुढे येतो. फोकसच्या मागेपुढे तिथे चार-चार सेंटिमीटरच शार्प राहतात. मूठ नेमकी त्या पुढच्या पट्ट्यात आली होती. दरम्यान वाडा उतरवायला सुरुवात झाली होती.

तुम्ही अशी पाठ करणार असाल तर होल्डरमध्ये एक जुनी, वाया गेलेली शीट घाला, डार्क स्लाइड पूर्ण बाहेर काढा, वर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटीने फिल्मपर्यंतची खोली मोजा. मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत. जवळचे सगळे होल्डर मोजा, कारण जुन्या लाकडी होल्डरमध्ये एखादा वेगळा निघतोच. मग पाठीवर ग्राउंड ग्लासपर्यंतची खोली तशीच मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालून फरक काढता येतो.

जुने प्लेट होल्डर वापरून त्यातच लहान फिल्म बसवायचा विचार असेल तर हिशेब वेगळा आहे. बऱ्याच प्लेट होल्डरमध्ये स्प्रिंग प्लेटला मागून पुढे ढकलते, त्यामुळे काच जाड असो की पातळ, तिचा पुढचा पृष्ठभाग ठरल्या जागी येतो. शीट फिल्मच्या होल्डरमध्ये फिल्म मागच्या तळावर टेकते. हा फरक लक्षात न घेता एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. आणि नुसत्या पुठ्ठ्याला कोपरे चिकटवून फिल्म अडकवू नका. कॅमेरा खाली झुकवला की ती मध्ये पोट काढते.

चाचणी डोंगराची घेऊ नका. टेबलावर पुस्तकं तिरक्या रांगेत, पाच-पाच सेंटिमीटर मागेपुढे उभी करा, मधल्या पुस्तकाच्या अक्षरांवर फोकस करा आणि लेन्स पूर्ण उघडून फोटो काढा. त्यासाठी महाग फिल्म लागत नाही. ब्रोमाइड पेपर कापून होल्डरमध्ये घाला. त्याचा वेग आयएसओ ६ च्या आसपास धरा, लाल दिव्यात डेव्हलप करा. कोणतं पुस्तक शार्प आलं ते पाच मिनिटांत कळतं. पुढचं आलं तर फिल्म काचेच्या मागे आहे, मागचं आलं तर पुढे. ही चाचणी झाल्याशिवाय ज्याचा फोटो पुन्हा काढता येणार नाही त्याच्यासमोर कॅमेरा उभा करू नका.

पाठ दुरुस्त केल्यावर आत्याचा फोटो मी पुन्हा काढला, तिच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, खिडकीशी, एफ/५.६लाच. डोळे लख्ख आले आहेत. मागे पांढरी भिंत आहे.