ट्रॅक्टरची ट्रॉली आणि माणसांची वाहतूक

ट्रॅक्टर हे ओढण्याचे यंत्र आहे, वाहण्याचे नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातही त्याची व्याख्या स्वतःवर भार वाहण्यासाठी न बांधलेले वाहन अशीच केलेली आहे. त्यामागील ट्रॉली ऊस, खत, कडबा, धान्य यांसाठी असते. असे असूनही खुरपणीस निघालेल्या स्त्रिया, ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे, लग्नाचे वऱ्हाड व यात्रेकरू तीतूनच प्रवास करताना दिसतात. खेड्यात वेळेवर दुसरे वाहन मिळत नाही ही अडचण खरी आहे. पण तिची किंमत जिवाने मोजावी लागते.

दिनांक ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात शेतकामासाठी निघालेल्या मजुरांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि वसमत तालुक्यातील गुंज गावच्या ७ स्त्रिया मृत्यू पावल्या. उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात १ ऑक्टोबर २०२२ रोजी देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटून २६ जण दगावले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती.

ट्रॉलीत बसणाऱ्यास धरावयास काही नसते. फळीवर बसलेला मनुष्य धक्का बसताच बाहेर फेकला जातो, आणि ट्रॉली उलटल्यास तिच्याखाली सापडतो. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ट्रॅक्टर थांबू लागला तरी मागचा भार त्याला पुढे ढकलीत राहतो व ट्रॉली आडवी वळते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सोडू नये. डिझेल वाचविण्याची ही सवय फार महागात पडते. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते, हेही चालकाने ध्यानात ठेवावे.

ट्रॅक्टरच्या उजव्या व डाव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळ्या पायटांनी लागतात. शेतात वळण घेताना ही सोय उपयोगी असते. रस्त्यावर मात्र दोन्ही पायटे खिटीने जोडलेली असावीत. नाहीतर एकच चाक अडून ट्रॅक्टर एकीकडे ओढला जातो. ट्रॉलीची दांडी ठरलेल्या खालच्या हुकातच अडकवावी. ती उंचावर बांधली तर चढावर पुढची चाके उचलली जातात. हुकाच्या पिनेस चाप असावा. पिनेऐवजी सळईचा तुकडा घालणे हा निव्वळ अविचार होय. दुचाकी ट्रॉलीत भार मागे जास्त झाल्यास दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते.

आता कायद्याकडे वळू. अधिनियमाच्या कलम १२३ प्रमाणे वाहनाच्या आतील भागाव्यतिरिक्त इतरत्र कोणासही बसवून नेता येत नाही. मडगार्डवर बसलेला मनुष्य म्हणूनच कायद्याच्याही बाहेर असतो. ट्रॅक्टर चालविण्यास वय १८ पूर्ण व परवाना लागतो. मुलाच्या हाती ट्रॅक्टर देऊन गुन्हा घडल्यास कलम १९९अ खाली पालक किंवा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

विम्याविषयी गैरसमज फार आहे. विमा उतरविला म्हणजे ट्रॉलीतील प्रत्येकास भरपाई मिळेल, असे अनेकांना वाटते. शेतीकामाच्या पॉलिसीत ट्रॉलीत बसलेल्या माणसांची जबाबदारी सहसा येत नाही. ट्रॉलीवरील मजूर जखमी झाल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली विमा कंपनी बांधील नाही असे ठरविले. मजुरास रक्कम कंपनीने द्यावी, पण ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. म्हणजे अखेर भार शेतकऱ्याच्या जमिनीवर व घरावरच येतो. पॉलिसी घेतानाच ती वाचून घ्यावी, व मजुरांसाठी निराळे संरक्षण मागावे.

मजूर नेण्यासाठी चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून प्रवासी परवान्याची जीप ठरविणे शक्य असते; ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच अशी व्यवस्था सुचवावी. शिवारफेरीत रस्त्यालगतच्या बिनकठड्याच्या विहिरी पाहून ठेवाव्यात आणि त्यांना कठडा बांधण्याचा विषय ग्रामसभेपुढे मांडावा. संध्याकाळी ऊस भरून निघणाऱ्या ट्रॉलीच्या मागे तांबडे रिफ्लेक्टर आहेत की पाचटाखाली झाकले गेले आहेत, हे निघण्यापूर्वी मागे जाऊन पाहावे.